पहिला रणगाडा कुणाच्या नावावर?

गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधी मंदिराच्या वाटेवर हार-नारळाची दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानामागच्या खोलीत आमचा किशोरी गट दर शनिवारी दुपारी बसतो. दुपारी अशासाठी, की सकाळ-संध्याकाळ भाविकांची वर्दळ असते आणि मुलींचे हात हार ओवण्यात गुंतलेले असतात. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी रक्तक्षयाचे तक्ते घेऊन गेले होते. तक्ते भिंतीला लावून मागे वळले, तर पाचही जणी कोपऱ्यात एका मोबाइलवर डोकी जुळवून बसलेल्या. सिनेमा असेल म्हणून जवळ गेले. पडद्यावर बर्फात एक रणगाडा उभा होता.

त्यांच्यातली एक, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, बारावी करून घरी बसलेली, मला म्हणाली, “ताई, तुम्ही एवढ्या शिकल्यात ना, मग सांगा, पहिली टँक कुठली घ्यायची?”

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हा प्रश्न काही अभ्यासक्रमात आला नव्हता. मी हसून वेळ मारून नेली आणि तक्त्यांकडे वळले. पण घरी येताना एस.टी.त बसल्यावर माझे मलाच खटकले. कुठला कोर्स करू, कुठे नोकरी धरू, हे विचारले असते तर मी वही उघडून बसले असते. ही खेळाबद्दल विचारत होती, म्हणून मी हसले. आपल्या चळवळीने कामाचा हक्क मागितला, संपत्तीचा मागितला, रात्री रस्त्यावरून निर्धास्त फिरण्याचा मागितला. खेळण्याच्या हक्काबद्दल मात्र आपण फारसे बोललेलो नाही. पुढच्या शनिवारी मी तक्ते आधी संपवले आणि मग म्हटले, आता दाखव तुझा खेळ.

ज्यांना हे जग परके आहे अशा मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ’. संगणकावरचा मूळ खेळ २०१० सालचा, मोबाइलवरचा २०१४ पासूनचा. इंटरनेटवरून कुठले कुठले लोक एकत्र येतात, सात विरुद्ध सात. प्रत्येकाकडे एक रणगाडा. डाव जास्तीत जास्त सात मिनिटांचा. आपला रणगाडा जळाला की तो डाव आपल्यापुरता संपला. रणगाड्यांच्या दहा पायऱ्या असतात. सुरुवातीला पहिल्या पायरीवरची डबड्यासारखी छोटी यंत्रे फुकट मिळतात. लढून अनुभवाचे गुण आणि खेळातली चांदी मिळवायची आणि त्यावर वरच्या पायरीचा रणगाडा उघडायचा. कुठल्या देशाची, कुठल्या प्रकारची वाट धरायची हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे, कारण एका वाटेवर महिनोन्‌महिने जातात.

आता तिची अडचण काय होती ते ऐका. मोबाइल तिचा नव्हता, भावाचा होता. भाऊ भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळी करतो आणि दुपारी झोपतो. तो झोपला की मोबाइल त्याच्या उशाशी चार्जिंगला असतो, तेवढा वेळ हिला मिळतो. त्या खेळात त्याचे खाते आठव्या पायरीपर्यंत गेलेले. ही त्याच्याच खात्यावरून त्याचेच मोठाले रणगाडे चालवायची. पण या खेळात प्रत्येक खात्याची नोंद राहते, शंभर डावांत किती जिंकले याची टक्केवारी राहते आणि ती इतर खेळाडूंनाही दिसते. ही हरली की भावाची टक्केवारी घसरायची. मग संध्याकाळी बोलणी. एकदा तर हातही उचलला होता, हे तिने नंतर, बाकीच्या मुली गेल्यावर सांगितले. त्या दिवसापासून ती खेळायची ती भीत भीत. पुढे जायची नाही, गोळी झाडायची नाही, फक्त जिवंत राहायची. ‘घाबरून खेळले की जास्तच मरते’, हे तिचेच वाक्य.

तेव्हा तिचा खरा प्रश्न नुसता ‘कुठली टँक’ एवढाच नव्हता. भावाचा आठव्या पायरीवरचा दांडगा रणगाडा उसना चालवायचा, की आपले स्वतःचे खाते उघडून पहिल्या पायरीवरच्या डबड्यापासून सुरुवात करायची? भाऊ हसला म्हणे. “माझ्याकडे आहेत की चांगल्या. तुला भंगार कशाला पाहिजे?”

हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकले आहे, ते वाचणारीने आपल्यापुरते आठवून पाहावे.

खाते उघडायला ई-मेल लागतो. तिच्याकडे नव्हता. तो काढण्यात आमचा एक शनिवार गेला. पासवर्ड काय ठेवायचा यावर पाचही जणींची इतकी चर्चा झाली की शेवटी तो सगळ्यांनाच पाठ झाला, मग पुन्हा बदलावा लागला. पासवर्ड म्हणजे भावालासुद्धा सांगायची नाही अशी गोष्ट, ही कल्पना त्यांना नवी होती. रक्तक्षयापेक्षा या विषयावर मुली जास्त बोलल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. भावाचे मित्र दुकानाच्या ओट्यावर बसून असतात. त्यांचे एकमत होते: मुलीला मागे उभी राहणारी गाडी द्या. खेळात रणगाड्यांचे चार मुख्य प्रकार आहेत. हलके, म्हणजे पळणारे, पत्रा पातळ, शत्रू कुठे आहे ते हुडकून बाकीच्यांना दाखवणारे. मध्यम, सगळे थोडे थोडे जमणारे. जड, जाड पत्र्याचे, सावकाश चालणारे, पुढे उभे राहून मार खाणारे. आणि चौथा प्रकार रणगाडे फोडणाऱ्या गाड्यांचा. त्यांची तोफ मोठी, पण पुष्कळशा गाड्यांना वरचा फिरता बुरूज नसतो. तोफ वळवायची तर अख्खी गाडी वळवावी लागते. लांब झुडपात लपायचे, पुढचे लोक जे दाखवतील त्यावर नेम धरायचा. कुणी बाजूने येऊन भिडला की संपले. मुलांनी तिला सुचवली ती ही चौथी.

सल्ला अगदीच खोटा नव्हता. नवखी व्यक्ती उत्साहाने पुढे धावते आणि पहिल्या मिनिटात मरते. मी त्यांच्यासमोर खेळून पाहिले तेव्हा चाळीस सेकंद टिकले असेन. मुली इतक्या हसल्या की दुकानातून तिची आई डोकावली. पण या गाडीने नवखीला शिकायला काय मिळते ते पाहा. ती एका जागी बसते. नकाशाची दुसरी बाजू तिला कधी दिसत नाही. दुसऱ्यांनी दाखवले तेवढेच तिला दिसते, आणि पुढचे सगळे मेले तर आपण का हरलो हेही तिला कळत नाही. मुलीच म्हणाली, “मागं उभी राहून मना काय दिसतंय? घरात तेच चाललंय.” दुसरे वाक्य ती सहज बोलून गेली. मी त्यावर भाषण दिले नाही.

हलक्या रणगाड्याचा मोह पडतो, कारण तो पळतो. पण नवखीसाठी तो सगळ्यांत अवघड. शत्रू कुठून येतो, कुठल्या खडकामागे थांबले तर आपण दिसत नाही, हे नकाशे पाठ झाल्याशिवाय कळत नाही, आणि पातळ पत्र्याला एक चूकही पुरते. माझे मत मध्यम रणगाड्याचे होते. सोव्हिएत टी-३४ किंवा अमेरिकन शर्मन, पाचव्या पायरीवरचे, दुसऱ्या महायुद्धात खरोखर हजारोंनी बनलेले. त्यांच्या दिशेने जाणारी वाट धर म्हटले. मध्यम रणगाडा चुकीच्या बाजूला गेला तर परत फिरू शकतो. पुढेही जाता येते, मागेही राहता येते, कुणाच्या मदतीला धावता येते. खेळ म्हणजे काय आहे ते सगळ्या बाजूंनी दिसते. आठवडाभर वाचून, विचारून मी हे मत बनवले होते आणि माझ्या मते ते बिनतोड होते.

तिने ऐकून घेतले आणि जड रणगाड्याची वाट धरली. केव्ही-१ नावाचा, पाचव्याच पायरीवरचा, चारही बाजूंनी जाड पत्र्याचा सोव्हिएत रणगाडा. मी विचारले, का? तो तर बैलगाडीसारखा चालतो.

ती म्हणाली, “ताई, मना पटकन मरायचं नाय. फोन अर्धा तास मिळतो. त्यात चार-पाच डाव. हलकी घेतली नि मेले लगेच, तर बघत बसायचं काय? आणि इथं डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं मध्येच. तेवढा वेळ टँक उभीच्या उभी राहते. पत्रा जाड असेल तर नेटवर्क येईपर्यंत जगेल तरी.”

मी गप्प बसले. मी खेळ पाहून सल्ला दिला होता, तिने आपला दिवस पाहून निर्णय घेतला होता. मध्यम रणगाडा चांगला, हे त्याच्यासाठी खरे, ज्याच्याकडे चुका करायला वेळ आहे. ‘मेलीस तर मेलीस, दुसरा डाव सुरू कर’ असे जो म्हणतो, त्याच्या हातात रात्रभर मोबाइल असतो. ओट्यावरच्या मुलांच्या सल्ल्यात हे गृहीत होते, आणि माझ्याही.

अर्धा तास ही गोष्ट किती मोठी आहे ते सरकारी आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आला आणि पुरुषांचा ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! मोबाइलचे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३.९ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. आमच्या गटातल्या पाच मुलींपैकी स्वतःचा मोबाइल एकीकडेच आहे, आणि तोही आत्याने दिलेला, काच फुटलेला.

हे सगळे मी आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडले तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या. एक ज्येष्ठ मैत्रीण, जिच्याकडून मी हे काम शिकले, म्हणाली, “पोखरणच्या अणुचाचणीनंतर १९९८ साली आम्ही युद्धखोरीविरुद्ध रस्त्यावर उभ्या होतो. आणि तू मुलींना कुठला रणगाडा चांगला ते शिकवतेस?” प्रश्न चुकीचा नाही, आणि मला त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. रणगाडा हे माणसे मारायचे यंत्र आहे. खेळात त्यातली माणसे दिसत नाहीत, नुसते लोखंड जळते. हे न दिसणे मलाही खुपते. पण एवढे विचारावेसे वाटते, की मुलगा ओट्यावर बसून हाच खेळ तासन्‌तास खेळतो तेव्हा त्याला युद्धखोर म्हणून कुणी बैठक बोलावते का? शांततेचा सगळा भार मुलींच्याच मोबाइलवर का?

त्या बैठकीत मी मारिया ओक्त्याब्रस्कायाची गोष्ट सांगितली. तिचा नवरा १९४१ साली कीव्हजवळच्या लढाईत मारला गेला. ती तेव्हा सायबेरियात, तोम्स्कला होती. बातमी तिच्यापर्यंत फार उशिरा पोचली. घरातले होते नव्हते ते विकून तिने पन्नास हजार रुबल उभे केले आणि स्टालिनला लिहिले: या पैशांतून एक रणगाडा बांधा, आणि तो मीच चालवणार. परवानगी मिळाली. पाच महिने ती शिकली. तिच्या टी-३४ वर नाव रंगवलेले होते ‘लढाऊ मैत्रीण’. हौस म्हणून कुणी तरी पाठवलेली बाई, असे सुरुवातीला बरोबरच्या सैनिकांना वाटले. पुढे चालत्या गोळीबारात खाली उतरून तुटलेला पट्टा जोडणारी चालक-मेकॅनिक म्हणून ते तिला ओळखू लागले. १९४४ च्या जानेवारीत विटेब्स्कजवळ, असाच पट्टा दुरुस्त करताना, तोफगोळ्याचा कपचा तिच्या डोळ्यात घुसला. मार्चमध्ये ती वारली. वय ३८.

यातले शौर्य उगाळण्यात मला रस नाही. आपल्याकडेही १९६२ च्या युद्धात बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. देणे बायकांना सगळीकडेच शिकवलेले असते. मारियाने देताना अट घातली, एवढे मला तिच्याकडून घ्यावेसे वाटते. आणि अटीवाचून काय होते तेही आपण पाहतो. आपल्या अहिल्यानगरला रणगाडा दलाचे शिक्षण केंद्र आहे, १९९४ पासून तिथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, बायका-मुलांनी जाऊन बघावे असे. पण २०२३ साली सैन्याने तोफखान्याची दारे महिला अधिकाऱ्यांना उघडली तेव्हाही रणगाडा दलाची उघडली नाहीत. बघायला परवानगी, चालवायला नाही. मुलींनी सैन्यात जावे का हा वेगळा वाद आहे, आणि तो घालायला मी तयार आहे. पण ‘हे तुझे नाही’ हे दुसऱ्या कुणी ठरवायचे, याला माझा विरोध आहे. खेळातसुद्धा.

ज्येष्ठ मैत्रिणीला हे पटले नाही. तरी पुढच्या शनिवारी ती गणेशपुरीला आली, अर्धा तास मुलींचा खेळ पाहत बसली आणि जाताना म्हणाली, “पण त्या पोरीला दिशा चांगली कळते ग.” याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावलेला नाही, जसे म्हणाली तसे लिहिले.

आता दोन गोष्टी व्यवहाराच्या, कारण तुमच्याही गटात आज ना उद्या हा प्रश्न येईल.

एक पैशांची. खेळ फुकट, पण आत दुकान आहे. खरे पैसे भरून खेळातले सोने मिळते आणि त्यावर वरच्या पायरीचा चकाकता रणगाडा लगेच घेता येतो. पहिला रणगाडा कधीही विकत घेऊ नये. पैसा जातो हे तर आहेच, पण वरच्या पायरीवर समोर मुरलेले खेळाडू असतात. नवखी तिथे एका मिनिटात मरते आणि आपल्याच बाजूच्या सहा जणांच्या शिव्या खाते. लग्नात अंगावर दागिने घालून सुनेला अनोळखी घरात उभे करतात, तसे काहीसे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले. हा खेळ त्यात येत नाही. तेव्हा हे दुकान उघडेच राहणार आणि सावध आपल्यालाच राहावे लागणार. आमच्या गटात ठरले आहे, एक रुपयाही नाही. बचत गटाच्या पोरी आहेत, हिशेब त्यांना कळतो.

दुसरी गोष्ट नावाची. खेळात प्रत्येकीला एक नाव घ्यावे लागते आणि खेळताना एकमेकांना लिहून निरोप देता येतो. गटातल्या आणखी एकीने आधी दुसऱ्या एका खेळात, बीजीएमआयमध्ये, माइक चालू ठेवून बोलून पाहिले होते. मुलीचा आवाज ऐकल्यावर काय काय कानावर आले ते तिने सांगितले नाही. माइक बंद करून ती खेळायला लागली एवढेच सांगितले. त्यामुळे इथे चौघींनी पुरुषी नावे घेतली. मला ते आवडले नाही. पण त्यांना भांड म्हणून मी सांगायचे आणि शिव्या त्यांनी झेलायच्या, हेही बरोबर नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या नामवंत गेम खेळणाऱ्यांना भेटीला बोलावले. सात जण होते, बरोबर या खेळातल्या एका संघाइतके. त्यांत मुलगी एकच, छिंदवाड्याजवळच्या उमरानाला गावची पायल धारे. सातांत एक हे प्रमाण पाहिले की पुरुषी नाव घेणाऱ्या मुलीला भित्री म्हणायला माझी जीभ उचलत नाही. शिव्या देणाऱ्याची तक्रार करायचे बटण मात्र आम्ही सगळ्यांना शिकवले आहे, आणि कुणी खाजगीत फोटो किंवा नंबर मागितला तर काय करायचे यावर एक पूर्ण शनिवार घेतला. तेव्हा तक्त्यांची गरज पडली नाही.

आमच्या संस्थेकडे आरोग्याच्या चित्रफिती दाखवायला एक टॅब्लेट आहे. शनिवारी शेवटचा तास तो मुलींना खेळायला मिळावा असा अर्ज मी केला. मंजुरी मिळाली, पण नोंदवहीत हे कुठल्या सदराखाली लिहायचे यावर घोडे अडले होते. ‘मनोरंजन’ नको, कारण त्याला निधी नाही. ‘कौशल्य विकास’ खोटे ठरेल. सध्या ‘इतर’ असे लिहितो.

पाचवी, जिने पुरुषी नाव घेतले नाही, ती म्हणजे ‘पहिली टँक कुठली’ विचारणारी. तिने आपले स्वतःचे नाव ठेवले आहे, पुढे गावाचे नाव जोडून. आज ती चौथ्या पायरीवर आहे. जिंकण्याची टक्केवारी शंभरात त्रेचाळीस, भावापेक्षा कमी, पण सगळी तिची. भाऊ अधूनमधून विचारतो, तुझ्या खात्यावरून एक डाव खेळू का? ती नाही म्हणते. केव्ही-१ उघडायला अजून बरेच डाव लागतील. रोजचा अर्धा तास धरला तर दिवाळीपर्यंत होईल असा तिचा हिशेब होता. पण मध्ये गुरुपौर्णिमा आली, मग नित्यानंदांची पुण्यतिथी. त्या दिवसांत पहाटे चारपासून हार ओवायचे असतात.